वळसंगच्या रानात पुरलेली बरणी

मी मोटार ड्रायव्हिंग शिकवतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुकीनं मरायला तयार असतो. माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक असतो. त्या ब्रेकच्या भरवशावर मी सोलापुरातल्या निम्म्या शिक्षिकांना, बऱ्याच वकिलांना आणि एका फौजदाराला गाडी शिकवली. त्यामुळं मरणाची भीती आपल्याला नाही, असं मी छातीठोक सांगत होतो. ते खोटं निघालं. भीती वाटते. आणि अवघड जागेला काही झालं तर भीतीच्या आधी लाज वाटते. आपण लाजत बसतो, तोवर रोग वाढत बसतो. माझ्यासारखं कोणी लाजत बसलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय. हसा खुशाल, पण तेवढं तपासून घ्या.

आंबेहळद

होटगी रोडला एका शिकाऊ बाईंनी क्लच असा काही सोडला की गाडीनं दोन उड्या मारल्या आणि मी सीटवर आदळलो. संध्याकाळी आंघोळ करताना हात लागला तर उजवीकडं एक गाठ. कडक, खारकेच्या बीसारखी. दुखत मात्र काही नव्हतं. दुखत नाही म्हणजे किरकोळ, असा आम्हा पुरुषांचा हिशोब असतो. मार लागलाय, उतरेल, म्हणून मी गुपचूप आंबेहळद उगाळून लावायला लागलो. आठवडे गेले. बी तिथंच.

गाठ तेव्हाच आली नव्हती, ती आधीपासून होती, मार लागल्यामुळं फक्त हात तिकडं गेला, हे मला मागाहून डॉक्टरांनी सांगितलं. त्या हिशोबानं त्या बाईंचे माझ्यावर उपकारच आहेत. पण त्यांना आभार कसे कळवायचे ते सुचेना, म्हणून राहून गेलं.

माझं गुपित फोडलं ते धुण्यानं. माझी बायको सुवर्णा तहसील कचेरीत क्लार्क आहे. तिच्यासमोर उभा राहणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय, असं धरूनच ती बोलायला सुरुवात करते.

"अहो, हे पिवळं कशानं झालं?"

"आंबेहळद आहे."

"लागलंय काय?"

"गाडीत आदळलो होतो जरा."

"कशात आदळलात ते विचारत नाही मी. लागलं कुठं?"

मी छताकडं बघितलं. ती हातातला कपडा परत बघून म्हणाली, "दाखवा."

"त्यात काय दाखवायचं?"

"लग्नाला एवढी वर्षं झाली, आता मला त्यात नवीन काय असणार आहे? दाखवा की!"

दाखवलं. तिनं हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "ही सूज नव्हे. सूज दाबली की दबते. ही दबत नाही," म्हणाली. मग एरवी माझ्यावर ओरडणारी ही बाई एक शब्द न बोलता ताटं वाढायला गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

बाक

लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांकडं बाहेर एक लांब बाक होतं. त्यावर बसलेला प्रत्येक पुरुष वर्तमानपत्र वाचत होता. एकाच वर्तमानपत्राची पानं आम्ही वाटून घेतली होती. माझ्या वाट्याला छोट्या जाहिराती आल्या. शेजारी एक कॉलेजचा पोरगा होता, कानात गाणी घालून, सगळ्यांकडं पाठ फिरवून. पलीकडं धोतरातले एक आजोबा.

तेवढ्यात एक आजी कडेवर तान्हं बाळ घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या बाळाची एक गोटी खाली उतरलीच न्हाय बघा! तुमचं काय झालंय?"

वर्तमानपत्राची सगळी पानं एकदम वर गेली. सुवर्णा मात्र शांतपणे म्हणाली, "ह्यांना गाठ आहे." धोतरवाल्या आजोबांना एकदम धीर आला असावा. ते म्हणाले, "मला पानी साटलंय. लई दिवस झाले. आता सायकलवर बसता येईना, म्हनून आलो." पोरानं कानातलं काढलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की त्याला पोलीसभरतीच्या मेडिकलमध्ये काढून टाकलंय, शिरा फुगल्यात म्हणून.

दूधपित्या पोरापासून धोतरवाल्यापर्यंत सगळे एकाच बाकावर, एकाच जागेच्या दुखण्यानं, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. आजींनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि निकाल दिला, "व्हईल समद्यांचं बरं. लाजायचं काय त्यात?" त्यांचं ऐकून जरा हलकं वाटलं खरं.

निदानाचा दिवस

सोनोग्राफीचा डॉक्टर लई बोलका होता. गाडी कुठली घ्यावी, मायलेज किती मिळतं, हे मला विचारत विचारत तो ते यंत्र फिरवत होता. मध्येच थांबला. मग मायलेजबद्दल काही विचारलं नाही. एवढं मला पुरेसं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. "गाठ आहे, आणि कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त आहे. इथं तुकडा काढून बघत नाहीत. त्या बाजूचं वृषण पूर्ण काढायचं आणि तपासायला पाठवायचं. तुमच्या वयात जे प्रकार होतात ते बहुतेक बरे होतात. पण नेमका कुठला प्रकार आहे, किती पसरलाय, हे त्या तपासणीतूनच कळेल. पुढं औषधं द्यायची की नाहीत, कुठली द्यायची, सगळं त्यावर ठरेल."

यावर मी काय म्हणावं? मी म्हणालो, "डॉक्टर, ह्या आठवड्यात माझ्या चौघांची आरटीओची टेस्ट आहे."

ते म्हणाले, "त्यांना नापास होऊ द्या एकदा." मग चष्मा पुसत त्यांनी सांगितलं की एका बाजूवर माणसाचं सगळं व्यवस्थित चालतं. जिना उतरताना सुवर्णा म्हणाली, "ऐकलंत ना? देवानं स्टेपनी देऊनच पाठवलंय." मी हसलो. ती हसली नाही. तिनं माझा दंड धरला होता, आणि तो तिनं गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. आमची मुलगी सातवीत आहे. मला त्या वेळी तिचीच आठवण येत होती, आणि मी मेलो तर हिला स्कूटी कोण शिकवणार, असला काहीतरी येडा विचार डोक्यात फिरत होता.

दोडप्पा

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. आमच्यात जावई अजून यायचाय. दोडप्पा मात्र होते.

दोडप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. आम्ही घरात कानडी बोलणारे, म्हणून दोडप्पा. माझे वडील मी लहान असताना गेले. मला वाढवलं दोडप्पांनी, वळसंगला, रानातल्या वस्तीवर. आता सत्तरी ओलांडली त्यांनी, पण काठी धरत नाहीत. त्यांच्यापुढं कॅन्सर हा शब्द उच्चारायचा नाही, असं मी आणि सुवर्णानं ठरवलं. "उजवीकडची खराब झालीय, काढून टाकायची आहे," एवढंच सांगितलं.

मी दवाखान्यात दाखल झालो तसे ते कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी घेऊन हजर. माझ्या कॉटपाशी उभे राहिले, टोपी नीट केली, आणि आयुष्यात ज्या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो त्या विषयावर बोलले. "होगली बिडु," म्हणाले. जाऊ दे, सोड. "एक हाय न्हवं? भागतंय की."

ऑपरेशनच्या दिवशी मला सगळ्यात मोठी धास्ती होती ती डाव्या-उजव्याची. माझा धंदाच तसा आहे. डावीकडं वळा म्हटलं की उजवीकडं वळणारी माणसं मी रोज बघतो. सिस्टरनं मांडीवर पेनानं खूण केली तरी मी विचारतोय, "उजवीच ना? माझी उजवी हां, तुमची नव्हे!" भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "अहो, ब्रेक आमच्याकडं आहे, तुम्ही निवांत झोपा." पाठीत सुई टोचली, कमरेखालचे पाय दुसऱ्या कुणाचे तरी झाले, आणि पडद्यापलीकडं माणसं कामाला लागली. मी डोळे मिटून सिद्धरामेश्वराचा धावा केला. खोटं कशाला बोलू, थोडं रडलोही.

बरणी

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण आमच्या घरात ते अजून प्रत्येक जण वेगळं सांगतो.

ऑपरेशन संपलं तेव्हा सुवर्णा खाली औषधं आणायला गेली होती. दारातून एका माणसानं हाक मारली, "मल्लिनाथचे नातेवाईक कोण?" दोडप्पा उठले. त्यानं त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची बरणी दिली. आत पाणी, पाण्यात ते. बरणीला चिठ्ठी चिकटवलेली. "पेशंटचं काढलेलं आहे. बाकीचं मॅडमना माहीत आहे," म्हणाला आणि आत गेला.

काढलेला भाग तपासणीच्या लॅबमध्ये नातेवाइकानंच पोचवायचा, अशी तिथली रीत. दोडप्पांना हे कोण सांगणार? आणि त्यात काय तपासायचं असतं, हे आम्हीच त्यांच्यापासून लपवलेलं. त्यांना आठवलं ते वेगळंच. दोडव्वाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भावाचा पाय शुगरनं कापावा लागला होता. तेव्हा दवाखान्यानं तो पाय नातेवाइकांच्या हवाली केला आणि दोडप्पांनीच तो नेऊन रीतसर पुरला. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला अग्नी देत नाहीत, मातीत देतात.

त्यांनी सुवर्णाला फोन लावला. "ते माज्याजवळ दिलंय. तू बाईमानूस, कुटं घिऊन फिरतीस? काळजी करू नगं, मी सगळं नीट करतो."

तिला वाटलं, बरणीवर लॅबचं नाव आहे, रिक्षावाल्याला दाखवून पोचवतील. ती म्हणाली, "बरं झालं दोडप्पा, लई मोठं काम झालं." आणि दोडप्पा वळसंगच्या एसटीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला घरी सोडायची तयारी चालली होती, तेव्हा डॉक्टर आले. "लॅबमधून फोन होता. सँपल अजून पोचलंच नाही म्हणतात."

सुवर्णानं तिथंच फोन स्पीकरवर लावला.

"दोडप्पा, ती बरणी कुठं आहे?"

"कुटं म्हंजे? केलं की सगळं नीट. अज्जाच्या समादीशेजारी पुरलं. विबूती लावली, बेल ठिवला, नारळ फोडला. गावातल्या स्वामींना बी विचारलं. ते म्हनाले, जिवंत मानसाचा विदी करत नसत्यात, नुसता नमस्कार करा. मंग नमस्कार केला."

डॉक्टरांनी हातातली फाईल खाली ठेवली. सिस्टर तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली. मला हसू येत होतं आणि टाक्यांमुळं हसता येत नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले, "मल्लिनाथ, ते सँपल गेलं तर मला पुढचं सगळं अंदाजानं करावं लागेल." माझं हसू तिथंच थांबलं.

माझी समाधी

दवाखान्यातून घरी न जाता आम्ही सरळ वळसंगला निघालो. गाडी आमचीच, ड्रायव्हिंग शाळेची, पुढं-मागं लाल एल लावलेली. चालवायला सुवर्णा, आणि मी माझ्या नेहमीच्या सीटवर, पोटाखाली उशी धरून. पायाशी ब्रेक होता, पण पाय उचलला की टाके ओढायचे. माझ्याकडं शिकणारी माणसं का घामाघूम होतात ते त्या दिवशी कळलं.

"सुवर्णा, पुढं ट्रॅक्टर!"

"दिसतोय."

"अगं गिअर कमी कर की!"

"तुम्ही ओरडू नका. ओरडलात तर प्रत्येक खड्ड्यातनं नेईन." हिनं मला गप्प बसवायचा रामबाण उपाय शोधून काढला. मी गप्प बसलो.

रानात अज्जांची, म्हणजे माझ्या आजोबांची, समाधी आहे. तिच्या शेजारी ताजी माती. वर विभूतीचे तीन पट्टे, बेलाची पानं, विझलेली उदबत्ती आणि फुटका नारळ. तोवर मनात कुठंतरी मी हे सगळं गंमत म्हणूनच बघत होतो. तो मातीचा ढीग बघितला आणि गंमत संपली. त्या ढिगाखाली माझंच होतं की काहीतरी. मी समाधीच्या कट्ट्याला धरून उभा राहिलो.

दोडप्पा खोरं बाजूला ठेवून समोर आले. "मातीला दिलेलं परत मागत न्हाईत, मल्लू. तुज्या अज्जाच्या वटीत घातलंय ते. आता वर काडलं तर पाप लागंल, आनि ते तुला लागंल."

ज्या माणसानं मला वाढवलं त्याच्यावर ओरडायचं कसं? सुवर्णा एरवी त्यांच्यापुढं मान खाली घालून बोलते. त्या दिवशी ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दोडप्पा, ह्यांना कॅन्सर आहे. आम्ही तुमच्यापासून लपवलं. तो कुठला आहे, औषध काय द्यायचं, हे त्या बरणीतूनच कळणार आहे. ती इथं राहिली तर ह्यांचं औषध अंदाजानं होईल."

दोडप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते तिथंच उभे राहिले. तोवर दोडव्वा घरातनं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता उबं काय ऱ्हायलाय? अर्दं पुरलंय, सगळं पोरगं पुरायचं हाय काय?"

दोडप्पा खाली बसले. टोपी काढून समाधीवर डोकं टेकलं, कानडीत अज्जांना काहीतरी म्हणाले. मग खोऱ्याला हात न लावता, बरणी फुटू नये म्हणून, दोन्ही हातांनी माती उकरायला लागले. बरणी वर आली ती नव्याकोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, वर सुतळीच्या पक्क्या गाठी. माझ्यासाठी कापडसुद्धा चांगलं घेतलं होतं त्यांनी.

कापून बघितल्याशिवाय

लॅबच्या डॉक्टर एक बाई होत्या, माझ्या बहिणीच्या वयाच्या. कापड सोडलं तसं एक बेलपान टेबलावर पडलं. त्यांनी आधी पानाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"हे कोणी बांधलं?"

"मी," दोडप्पा म्हणाले. ते आमच्याबरोबर आलेच होते. बरणी मांडीवर धरून बसले होते, वाटेत कुणाच्या हातात दिली नाही.

"झाकण उघडलं होतं?"

"न्हाय बाई. जिवंत मानसाचं कसं उगडायचं?"

"मग काही झालेलं नाही. आतलं टिकवायचं औषध जसंच्या तसं आहे. चिठ्ठीसुद्धा कोरडी आहे." त्यांनी बरणी उजेडाकडं धरली. दोडप्पांना ऐकवण्यासाठीच की काय, सावकाश सांगायला लागल्या. लहान मुलांमध्ये होणारी गाठ वेगळी, विशी ते चाळिशीतली वेगळी, साठीच्या पुढची वेगळी. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. कापून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळत नाही.

"म्हंजे वय बगून येतोय त्यो?" दोडप्पांनी विचारलं.

"बरंचसं तसंच."

"एवडा शिस्तीचा हाय आनि काम आसलं करतोय," दोडप्पा चिडून म्हणाले. बाई हसल्या. आठवडाभरात रिपोर्ट देते म्हणाल्या.

त्या आठवड्याबद्दल काय सांगू? माणसं भेटायला यायची, नारळपाणी आणायची, आणि कुठं काय झालंय ते न विचारता माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बोलायची. मी सुवर्णावर विनाकारण खेकसायचो. एकदा मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही मरणार नाही ना?" मी म्हणालो, "तुला स्कूटी शिकवल्याशिवाय नाही." ती म्हणाली, "मग मी शिकतच नाही." आणि माझ्या पायाशी पडून रडायला लागली. तिच्या केसांतून हात फिरवत मीही रडलो. बाहेर सुवर्णा मिक्सर लावून बसली होती, भांड्यात काही नव्हतं, रिकामाच फिरत होता तो.

रिपोर्ट

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आधी शेवटचं पान वाचलं. बरा होणाराच प्रकार निघाला. नसांमध्ये शिरलेला नव्हता, पोटाच्या स्कॅनमध्येही काही नव्हतं. "किमो नको. ठरलेल्या वेळी रक्त आणि स्कॅन करत राहायचं. चुकवायचं मात्र नाही," ते म्हणाले. सुवर्णानं तिथंच टेबलावर डोकं ठेवलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला आणि मी तो पिऊन टाकला.

दोडप्पा आत आले नव्हते. दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. मी शेजारी टेकलो, जमेल तसा, एका कुशीवर. सांगितलं सगळं. मग एकदम हुंदका फुटला त्यांना. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, माझे वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

"मी तुजं औशदच पुरून आलो व्हतो, मल्लू," म्हणाले.

"तुम्हीच वर काढलंत की."

धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले. "अज्जाच्या शेजारची ती जागा हाय न्हवं, ती माजी हाय. कवाच आकून ठिवलीय मी. दोडव्वाला म्हाईत हाय."

"मग तिथं माझं कशाला पुरलंत?"

"तुजं व्हतं म्हनून दिली. त्याच्यापरास चांगली जागा व्हती कुटं माज्याकडं?" त्यांनी टोपी घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. "आता न्हाय देनार. आता तितं मी आदी. तू मागनं यायचं. लई मागनं."